मिरीची जहाजे आणि वाऱ्याचे वेळापत्रक

वास्को द गामाचा प्रवास आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो. त्यातील दोन आकडे मात्र भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहावेत असे आहेत. एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीहून निघालेली त्याची जहाजे सुमारे २३ दिवसांत मलबारला पोहोचली. परतताना तोच समुद्र ओलांडायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. वाटेत सुमारे ३० माणसे स्कर्व्हीने दगावली. पुरेसे खलाशी न उरल्याने पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले. समुद्र तोच, जहाजे तीच. मग हा फरक कशामुळे पडला?

याचे उत्तर वाऱ्यात आहे. खारे आणि मतलई वारे दिवसभरात जे करतात, तेच मोसमी वारे मोठ्या प्रमाणावर वर्षभरात करतात. उन्हाळ्यात आशियाची जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. तिच्यावर कमी दाब निर्माण होतो आणि समुद्रावरील हवा तिकडे ओढली जाते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे उजवीकडे वळतात, म्हणून ते आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. हिवाळ्यात जमीन समुद्रापेक्षा थंड होते आणि वारे ईशान्येकडून वाहू लागतात. ‘मोसमी’ या शब्दाचे मूळच अरबी ‘मौसिम’ म्हणजे ऋतू हे आहे.

मलबारचा मिरीचा व्यापार या वेळापत्रकावर चाले. काळ्या मिरीचा वेल मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील. हिरवे दाणे उन्हात वाळवले की वजन सुमारे एक तृतीयांश उरते आणि मिरी दीर्घकाळ टिकते. त्यामुळे ती वखारीत साठवून जहाजांची वाट पाहता येई. इ. स. पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातील जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. तांबड्या समुद्राच्या मुखाजवळील ओकेलिस बंदरापासून मलबारच्या मुझिरिसपर्यंत ४० दिवस लागतात, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. म्हणजे पावसाळ्याचा जोर ओसरता ओसरता जहाजे किनाऱ्याला लागत. मग व्यापारी थांबत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वारे धरून परतत.

याचे पुरावे समुद्राच्या दोन्ही काठांवर सापडले आहेत. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात पहिल्या शतकातील एका भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली. केरळात कोडुंगल्लूरजवळच्या पट्टणम येथे २००७ पासून झालेल्या उत्खननात भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे आणि मिरीचे दाणेही मिळाले. अनेक अभ्यासकांच्या मते मुझिरिस येथेच असावे.

आता गामाच्या प्रवासाकडे पुन्हा पाहू. येताना मालिंदीच्या राजाने दिलेला जाणकार वाटाड्या बरोबर होता आणि नैर्ऋत्य वारे सुरू होत होते. परतताना झामोरिनशी बिनसल्यामुळे तो २९ ऑगस्टलाच कालिकतहून निघाला. ५ ऑक्टोबरला कारवारजवळील अंजदीव बेट सोडून जहाजे खुल्या समुद्रात शिरली, तेव्हा नैर्ऋत्य वारे संपत होते आणि ईशान्य वारे स्थिरावले नव्हते. कधी वारा पडे, कधी उलटा येई. ताजी फळे-भाजी नाही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व नाही. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. आणखी दोन महिने थांबला असता, तर बहुधा त्याच सुमारास पण पुष्कळ कमी हाल सोसून तो तेथे पोहोचला असता.

गामाने आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून येण्याचा मार्ग दाखवला, हे खरे. पण अरबी समुद्रातील वाट त्याच्या आधी किमान चौदाशे वर्षे वापरात होती. वर्गात अरबी समुद्राचा कोरा नकाशा देऊन दोन ऋतूंचे वारे दोन रंगांच्या बाणांनी दाखवायला सांगावे. मग विचारावे : तुमच्याकडे मिरीने भरलेले शिडाचे जहाज आहे, कालिकतहून कोणत्या महिन्यात निघाल?