‘जात नसत’ आणि ‘जाऊ नये’ : चवदार तळ्याच्या खटल्यातील रूढीची मीमांसा

अमेरिकेच्या संविधानाचा इतिहास हा पुष्कळ अंशी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या काही निवाड्यांचा इतिहास आहे, असे म्हटले जाते व ते अयथार्थ नव्हे. आपल्याकडे समतेच्या प्रश्नाचा विचार करताना मात्र सभा, सत्याग्रह आणि संविधानसभा यांचाच उल्लेख प्रामुख्याने होतो. न्यायालयातील झगडा मागे पडतो. महाडच्या चवदार तळ्याचा खटला हे याचे ठळक उदाहरण होय. २० मार्च १९२७ चा दिवस सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा फारच थोड्यांच्या परिचयाचा आहे. प्रस्तुत लेखात त्या दाव्यातील मध्यवर्ती कल्पनेचा, म्हणजे ‘रूढी’चा, अर्थाच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

१

प्रथम घटनाक्रम पाहू. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे ठरविले. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाड येथे परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार असे दिसताच महाडमधील काही स्पृश्य हिंदूंनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, पण न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. पुढे महाड येथे १९३१ मध्ये व ठाणे येथील अपिलात १९३३ मध्ये निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ हे अपील फेटाळले.

२

वादींचे म्हणणे असे होते की, तळ्याचा वापर केवळ स्पृश्यांनी करावा अशी अनादिकालापासूनची रूढी आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दाव्याचा आधार स्मृतिवचन हा नव्हता, रूढी हा होता. हिंदू कायद्यात सिद्ध झालेली वहिवाट लिखित वचनाहून वरचढ ठरते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्येच सांगितले होते. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ ही आपली म्हण त्याहून जुनी आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचे महाडात दहन झाले, तो न्यायालयात खरा प्रतिपक्षी नव्हताच. तेथे उभी होती ती रूढी.

परंतु प्रत्येक सवय म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रूढी नव्हे. ती प्राचीन, निश्चित, अखंड आणि वाजवी असावी लागते. १९२७ पूर्वी अस्पृश्य तळ्यावर पाणी भरीत नसत, हे खरेच होते. प्रश्न असा की, त्यावरून काय सिद्ध होते?

मराठी व्याकरणाचा अभ्यासक या प्रश्नाची उकल सहज करू शकेल. ‘अस्पृश्य तळ्यावर जात नसत’ हा रीतिभूतकाळ आहे. त्यात वर्तनाचे वर्णन आहे. ‘अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये’ हा विध्यर्थ आहे. त्यात बंधन आहे. पहिल्या वाक्यापासून दुसरे वाक्य आपोआप निष्पन्न होत नाही. माणूस भीतीमुळे जात नसेल, गरज नसल्याने जात नसेल, किंवा त्यास जाऊ न देणाऱ्यांचे बळ अधिक असेल. यांपैकी कशानेही दुसऱ्याच्या पदरात हक्क पडत नाही. वादींनी पुरावा दिला तो रीतिभूतकाळाचा, आणि मागणी केली ती विध्यर्थाची.

उच्च न्यायालयाने हीच दरी कायद्याच्या भाषेत दाखविली. देवालयांच्या खटल्यांत दीर्घकालीन व इतरांनी मान्य केलेल्या वहिवाटीवरून, ते देवालय विशिष्ट वर्णांसाठीच अर्पण केले असावे, असे अनुमान कदाचित करता येईल. तळ्याच्या बाबतीत अशा कायदेशीर उगमाचे अनुमान करता येत नाही. म्हणून अनादि रूढी शाबीत झाली नाही, असा निर्णय झाला.

३

हा विजय खरा, पण त्याची मर्यादाही तितकीच खरी. रूढी शाबीत झाली असती, तर ती वाजवी आहे काय, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, आणि तळे नगरपालिकेकडे निहित झाल्याचा परिणाम काय, हे प्रश्न विचारात घ्यावे लागले असते, असे न्यायालयाने सूचित केले व ते तसेच सोडले. अर्थात, वादींना अधिक जुना व भक्कम पुरावा मिळाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर निवाड्यात नाही. माणसाला पाणी पिण्याचा अधिकार मिळाला तो प्रतिपक्षाचा पुरावा अपुरा पडल्यामुळे.

अमेरिकेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथे समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ पासून होती. तरीही १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निवाड्यात रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वाजवी ठरविताना लोकांच्या प्रस्थापित चालीरीतींचाच हवाला देण्यात आला. लिखित हमीवरही रूढीने मात केली. १९५४ च्या ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ निवाड्याने शाळांपुरता तो प्रश्न फिरविला. पूर्वी काय चालत असे, यापेक्षा विभक्त शिक्षणाने आज मुलांवर काय परिणाम होतो, हे पाहिले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. महाडच्या न्यायाधीशांपुढे अशी लिखित हमीच नव्हती. त्यांना रूढीचे वय मोजता आले, तिचा न्याय मोजावा लागला नाही.

४

ही उणीव भारतीय संविधानाने १९५० मध्ये भरून काढली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट निर्देश आहे, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो अनुच्छेद १३ होय. त्याने ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढी व परिपाठ यांचाही समावेश केला, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्या मर्यादेपर्यंत असा कायदा शून्य ठरविला. ज्या व्यक्तीस रूढीविरुद्ध दहा वर्षे प्रतिवादी म्हणून उभे राहावे लागले, तीच मसुदा समितीची अध्यक्ष होती, हे येथे विसरता येणार नाही.

अर्थशास्त्रात, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्रात, आपण यौगिक व रूढ अर्थ असा भेद करतो, आणि रूढ अर्थ बलवत्तर मानतो. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा यौगिक अर्थ ‘सर्व जनांचे’ असा आहे. महाडात त्याचा रूढ अर्थ ‘काही जनांचे’ एवढाच उरला होता. संविधानाने तो शब्द त्याच्या घटकांच्या अर्थाकडे परत नेला. तथापि कोशात अर्थ बदलला म्हणजे व्यवहारात बदलतोच असे नाही. एखाद्या गावी आजही ‘आमच्याकडे ते येत नाहीत’ असे सहजपणे ऐकू आले, तर अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये. ते येत नाहीत, की त्यांनी येऊ नये असे कोणी ठरविले आहे, हे विचारणे त्याचे कर्तव्य ठरते.