परवाना, पण टप्प्याटप्प्याने

सॅन होजे (कॅलिफोर्निया) : अमेरिकेतील बहुतेक उपनगरे मोटारीच्या हिशेबानेच वसवलेली असल्याने शाळा, दुकान आणि नोकरीचे ठिकाण यांपैकी क्वचितच काही पायी गाठता येते, आणि म्हणून सोळाव्या वर्षी मिळणारा वाहनपरवाना तेथे चैन नव्हे, तर गरज मानला जातो. मोटार चालवायला शिकवणे हे हायस्कूलचे काम ठरले ते त्यामुळेच. पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी १९३४ साली प्राध्यापक एमॉस नेहार्ट यांनी स्वतःच्या मोटारीवर शाळकरी मुलांना धडे देण्यास सुरुवात केली. पुढे तीस तास वर्गात आणि सहा तास प्रत्यक्ष मोटारीत असा अभ्यासक्रम देशभर रूढ झाला, व शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली मोटार अनेक शाळांच्या आवारात दिसू लागली.

या शिक्षणाने अपघात कमी होतात, हे मात्र गृहीतच धरले गेले होते. जॉर्जिया राज्यातील डीकॅब परगण्यात सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांची, कोणी कोणत्या गटात जावे हे केवळ योगायोगावर सोपवून, विभागणी करण्यात आली, तेव्हा सखोल प्रशिक्षण घेतलेल्या मुलांच्या अपघातांत टिकाऊ घट आढळली नाही. शिवाय अशा शिक्षणामुळे परवाना लवकर हाती पडतो आणि कोवळ्या वयातील मुले अधिक संख्येने रस्त्यावर येतात, ही अडचणही पुढे आली. त्यानंतर सरकारी पैसा आटला, अनेक शाळांनी हे वर्ग बंद केले आणि शिकवणीचा खर्च पालकांच्या माथी आला.

त्या निष्कर्षातून शिकवणेच व्यर्थ आहे असा अर्थ काढणे चुकीचे होते. गाडी वळवणे काही आठवड्यांत जमते, परंतु धोका आधी ओळखण्याची नजर सरावानेच येते, आणि त्या सरावाला सुरक्षित अवधी देणारी ‘टप्प्याटप्प्याचा परवाना’ ही पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये, तर अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये स्वीकारली. कॅलिफोर्नियात शिकाऊ परवाना साडेपंधराव्या वर्षी मिळतो. त्यानंतर किमान सहा महिने, पंचवीस वर्षांवरील परवानाधारक शेजारी बसवून, रात्रीच्या दहा तासांसह पन्नास तासांचा सराव करावा लागतो. चारी बाजूंना थांब्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी पोहोचला त्याने आधी निघावे आणि दोघे एकदमच आले तर उजवीकडच्याला वाट द्यावी, हा नियम पुस्तकात दोन ओळींचा असला, तरी समोरचा चालक खरोखर थांबतो आहे की नाही, हे हेरण्याची सवय याच तासांत लागते. मुंबई-पुण्याहून येऊन येथे स्थायिक झालेल्या आईवडिलांनाही मुलांशेजारी बसून हे तास भरावे लागतात. परवाना हाती आल्यावरही पहिले वर्षभर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत एकट्याने गाडी चालवण्यास आणि सोबत मोठे माणूस नसताना विसाच्या आतील मित्रमैत्रिणींना गाडीत घेण्यास मनाई असते, कारण काळोख आणि समवयस्कांची संगत या दोहोंनी अपघाताचा धोका वाढतो.

या चांगल्या रचनेत एक गंभीर उणीव आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना मागणाऱ्याला कॅलिफोर्नियात ना वर्गाची अट लागू होते, ना पन्नास तासांची; त्यामुळे ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत किंवा सरावाला मोटार नाही, तो मुलगा दोन वर्षे थांबतो आणि ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वांत कमी तयारीनिशी महामार्गावर उतरतो. न्यू जर्सीने नवशिक्यांवरील ही बंधने एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवली आहेत. कॅलिफोर्नियाने तेवढे तरी करावेच, आणि त्यासोबत शाळेतील मोफत वर्गही पुन्हा सुरू करावेत.