पोट लहान झाले, ताटाचे काय?

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग, अशी आपल्या समाजात एक घट्ट समजूत आहे. दोन पिढ्यांपूर्वी ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, त्या घरातल्या माणसाला पोट कापून लहान करून घ्यावे लागते, असे सांगितले तर खेड्यातली म्हातारी माणसे हसतील. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हसण्यासारखे नाहीत. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या, आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आढळल्या. उपासमार आणि लठ्ठपणा आज एकाच गल्लीत नांदत आहेत. स्वस्त तेल, साखर आणि मैदा गावोगावच्या टपरीवर पोहोचला. त्याच्या पाठोपाठ मधुमेह आणि रक्तदाब पोहोचला. आणि आता वजन कमी करण्याची शस्त्रक्रियाही मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांपुरती राहिलेली नाही.

या शस्त्रक्रियेची चर्चा आपल्याकडे होते ती किलोच्या हिशेबात. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती करून घेतली, तेव्हा त्यांचे वजन किती उतरले याची चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद ही महिला उपचारासाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आली, तेव्हा तिच्या वजनाचे आकडे रोज छापून आले. पुढे तिला अबुधाबीला नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. शस्त्रक्रियेनंतर माणूस पुन्हा घास कसा घेतो, या प्रश्नाला मात्र या साऱ्या गाजावाजात कोठेही जागा मिळाली नाही. रुग्णाची खरी परीक्षा तर तेथेच सुरू होते.

आधी शस्त्रक्रियेत काय होते ते समजून घेऊ. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा त्याहून थोडा अधिक कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला त्या पिशवीत जेमतेम दोन-तीन मोठे चमचे अन्न मावते. आतले टाके भरून येईपर्यंत घट्ट अन्न वर्ज्य असते. पहिले काही दिवस पाणी आणि पातळ पेये, मग दूध, ताक, गाळलेले वरण. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न. त्यानंतर मऊ अन्न. आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचे घट्ट अन्न, असा हा क्रम आहे. प्रत्येक सर्जनचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि रुग्णाने आपल्याच डॉक्टरचे ऐकायचे असते.

आता हा कागद धावड्याला नेऊन पाहा. भोकरदन तालुक्याच्या टोकाला, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचे हे गाव. हा सारा पट्टा मिरचीचा. ताटात ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. समजा, येथला एखादा माणूस छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला शस्त्रक्रिया करून गावी परतला. त्याच्या हातात जो आहाराचा तक्ता पडेल, त्यात ओट्स, ब्रोकोली, टोफू आणि परदेशी दही लिहिलेले असेल, तर तो कागद देव्हाऱ्यात ठेवला काय आणि चुलीत घातला काय, सारखेच. तक्ता शहरातल्या जिभेसाठी लिहायचा, आणि रुग्ण चुकला की 'पेशंट ऐकत नाही' म्हणायचे, हा न्याय नव्हे.

वास्तविक पाहता आपल्या चुलीवर या सगळ्या पायऱ्या आहेत. पातळ अन्नाच्या दिवसांत ज्वारीच्या पिठाची पातळ, गाळलेली आंबील, ताक, मुगाच्या डाळीचे पाणी आणि मटणाचा तिखट-मसाल्यावाचूनचा अळणी रस्सा चालू शकतो. घोटलेल्या अन्नाच्या पायरीला घोटून एकजीव केलेले वरण आणि मऊ शिजवून घोटलेल्या कण्या आहेत. मऊ अन्नात उकडलेले अंडे, बारीक खिमा, काटे काढलेला मासा आणि मुगाची आसट खिचडी बसते. भाकरी सर्वांत शेवटी. तीही आधी कडा काढून वरणात कुस्करलेली, आणि एक-दोन घासच. कोरडी भाकरी, चिकट भात आणि गरम पोळी यांचा गोळा होऊन तो अडकतो, हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. ठेच्याने आणखी थांबायला हवे. डॉक्टरला विचारून हे सारे ठरवता येते. फक्त डॉक्टरने ते आपल्या भाषेत आणि आपल्या अन्नात सांगितले पाहिजे.

नियम थोडेच आहेत, पण कडक आहेत. घास नखाएवढा, तो तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचे, आणि दिवसभरात दीड-दोन लिटर पूर्ण करायचे. छातीच्या हाडाखाली दाब वाटला, उचकी लागली, नाक वाहू लागले की घास खाली ठेवायचा. ते पोट भरल्याचे लक्षण असते. पुढचा एक घास उलटीचा असतो. बायपास झालेल्याने पुरणपोळी, श्रीखंड, गुळाचा चहा यांपासून विशेष जपावे. साखर भराभर आतड्यात उतरली की घाम, धडधड आणि जुलाब सुरू होतात.

येथे आपल्या घराचा एक जुना कायदा आडवा येतो. ताटात अन्न टाकायचे नाही, हा तो कायदा. तो कोणत्या पोथीतून आलेला नाही. तो भुकेतून आला आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने मिलो ज्वारी खाल्ली, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या उष्टे आले, त्यांच्या घरात स्वतःच्या कष्टाचा घास टाकणे हे पापच वाटणार. म्हणून आई म्हणते, "एवढा घास संपव." बहीण म्हणते, "अरे, किती वाळलास!" लग्नात यजमान हात धरून वाढतो. हे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु पहिल्या आठवड्यांत हाच आग्रह टाके उसवू शकतो, आणि पुढे तोच पिशवी ताणतो. अन्नाचा मान राखायचा असेल तर आधीच कमी वाढावे. मोठे ताट काढून वाटी ठेवावी. भुकेने शिकवलेला कायदा मोडायची गरज नाही; वाढणाऱ्या हाताने तो पाळायचा आहे.

दुसरा धोका याच्या उलट आहे आणि तो अधिक फसवा आहे. घट्ट अन्न एकदा अडकले की माणूस त्याची भीती घेतो. मग तो चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण, आइस्क्रीम यांवर दिवस काढतो, कारण ते सहज खाली उतरते. सहज उतरते म्हणूनच पोट भरत नाही, आणि वजन परत चढते. घट्ट अन्न पिशवीत टिकते, तृप्ती देते. तेव्हा भाकरी, उसळ, अंडे, मांस यांच्याकडे परत येणे हे या शस्त्रक्रियेचे ध्येय आहे. सवलत म्हणून मऊ अन्नावर थांबणे म्हणजे कर्ज काढून केलेला उपचार वाया घालवणे होय.

त्यातही प्रथिने पहिली. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. एवढ्याशा पोटात हा हिशेब भागवायचा तर मांस आणि अंडी यांची मोठी मदत होते; शाकाहारी माणसाला डाळी, दही, पनीर, सोयाबीन यांवर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. गरिबाचे स्वस्त मांस कोणते होते, हे सांगायला नको. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ते ताटातून गेले. आहारतज्ज्ञ 'प्रथिने वाढवा' म्हणतात, तेव्हा कोणाच्या खिशातून आणि कोणत्या दुकानातून, हा प्रश्न त्यांनाही विचारला पाहिजे.

याशिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरलेल्या रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. सतत उलट्या होत असतील तर 'सवय होईल' म्हणून घरी बसू नये. बी-१ जीवनसत्त्व संपून मज्जातंतूंना आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, वेगाने पडणारी नाडी, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे ही टाके गळत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी धावड्यासारख्या गावातून शहर गाठायला जो वेळ जातो, तो लक्षात घेऊन लगेच निघाले पाहिजे.

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची एक हकिकत आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही आणि उपासही सांगितला नाही. मात्रा जाणून जेवावे, एवढेच सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. राजालादेखील हे एकट्याने जमले नाही. ताटाशेजारी आठवण देणारे कोणी तरी लागले. आपल्या घरातल्या रुग्णालाही असा एक सुदर्शन लागतो. तो हिणवणारा नसावा, आग्रह करणाराही नसावा.

सर्जन पोट लहान करून मोकळा होतो. पुढचे काम रुग्णाचे, त्याच्या घरच्यांचे, आणि भाकरी-वरणाच्या भाषेत तक्ता लिहून देण्याची जबाबदारी असलेल्या दवाखान्यांचे आहे. रुग्णालयातून घरी निघताना रुग्णाने तसा तक्ता मागून घ्यावा. आणि तो मिळेपर्यंत घरातल्यांनी एवढे तरी करावे: त्याच्या वाटीत कमी वाढावे, आणि त्याने हात थांबवला की आपणही थांबावे.