प्रकल्पवहीतली मेथी ताटात येते तेव्हा...

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळांमधून प्रकल्पांची यादी घरी येते. ‘पालेभाज्यांची माहिती’, ‘समतोल आहार’, ‘आमची परसबाग’ हे त्यातले नेहमीचे विषय. मग आईवडील स्टेशनरीच्या दुकानात जाऊन भाज्यांच्या चित्रांचा तक्ता आणतात. चित्रे कापून वहीत चिकटवली जातात, शेजारी जीवनसत्त्वांचे कोष्टक उतरवले जाते, मुखपृष्ठावर चमकी लावली जाते. प्रकल्पाला चांगले गुणही मिळतात. आणि त्याच रात्री जेवताना ताटातली मेथीची भाजी अलगद बाजूला सारली जाते.

ही विसंगती गमतीची वाटली, तरी तिची आरोग्याला पडणारी किंमत मोठी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातल्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातले चित्रही याहून फार वेगळे नाही. जिना चढताना लागणारी धाप, सततचा थकवा, वर्गात लक्ष न लागणे, खडू किंवा माती खावीशी वाटणे या तक्रारींमागे अनेकदा लोहाची कमतरता असते. घरच्यांना मात्र तो आळस वाटतो. शाळांमधून आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड असते. ही गोळी गरजेची आहेच. पण आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोजच्या ताटाची जागा घेऊ शकत नाही.

हाताने शिकण्याची परंपरा

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ मांडली. तिच्या केंद्रस्थानी हाताने केलेले उत्पादक काम होते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि गृह-आरोग्य यांची सांगड शालेय शिक्षणाशी घातली गेली. आज केंद्राच्या पोषण आहार योजनेतही शाळेच्या परसबागेला स्थान आहे आणि आपल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या परसबागा खरोखर पाहण्यासारख्या आहेत. मात्र पुष्कळ शाळांत कार्यानुभव आणि चित्रकलेचे तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिले जातात. आरोग्याच्या नजरेतून पाहिले तर हा तोट्याचा सौदा आहे. तो का, हे समजून घेण्यासाठी सातवीतल्या एखाद्या मुलीने मेथीचा एकच प्रकल्प तीन अंगांनी केला तर काय होते ते पाहू.

पेरणे

मेथीला शेत लागत नाही. तळाला भोके पाडलेला पसरट डबा, माती, थोडे कुजलेले शेणखत आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर दाणे एवढे पुरते. मुंबईत तर वाळूत वाढवलेल्या इवल्या जुड्या ‘समुद्र मेथी’ म्हणून विकल्या जातात. रात्रभर भिजवलेले दाणे तीन-चार दिवसांत माती वर उचलतात आणि साधारण महिनाभरात भाजी काढता येते. पाणी जास्त झाले तर रोपे सडतात, ऊन कमी पडले तर ती लांबट आणि फिकट होतात. या चुकांमधून जे शिकायला मिळते, ते चिकटवलेल्या चित्रातून मिळत नाही.

बागेत घालवलेल्या वेळेचा आणखी एक फायदा आहे आणि तो डोळ्यांना होतो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली. त्यातल्या निम्म्या शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर नेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष आला होता, तर इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलच्या काळात बागकामाच्या तासाला हेही एक कारण पुरेसे आहे.

रांधणे

वनस्पतींमधले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. पाठ करण्यापेक्षा हा धडा स्वयंपाकघरात जास्त लवकर उमगतो. भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची, म्हणजे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत वाहून जात नाहीत. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचे, कारण ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. लोखंडी कढईत शिजवलेल्या पदार्थात, विशेषतः तो आंबट असेल तर, थोडे लोह कढईतूनही उतरते. मटकीला मोड आणले तर लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते. कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेले ‘क’ जीवनसत्त्वही मोडांमध्ये तयार होते.

मुलांच्या आवडीनिवडीही याच ठिकाणी बदलतात. एखादा नवा पदार्थ मूल पहिल्यांदा नाकारते, त्याचा अर्थ त्याला तो कधीच आवडणार नाही असा होत नाही. संशोधन असे सांगते की नवी चव स्वीकारण्यासाठी अनेक मुलांना ती आठ ते पंधरा वेळा, जबरदस्ती न करता, समोर यावी लागते. आपण मात्र दोन-तीन वेळांतच हार मानून ‘आमच्याकडे मेथी कोणी खात नाही’ असे जाहीर करतो. रोज पाणी घालताना, खुडताना, निवडताना, फोडणीचा वास घेताना या भेटी आपोआप वाढतात. कडू चवीची भीती थोडी थोडी कमी होते.

रेखाटणे

तिसरे अंग चित्रकलेचे. ते सजावटीसाठी नाही, निरीक्षणासाठी आहे. दर तीन दिवसांनी त्याच रोपाचे चित्र काढायचे आणि शेजारी तारीख व उंची लिहायची. पहिल्या दोन पानांची जोडी आणि नंतर येणारी तीन दलांची पाने यांतला फरक ते काढायला बसल्यावरच दिसतो. पानावरचे किडीचे भोकही तेव्हाच दिसते. हळदीच्या पाण्यात चुना घातला की ते लाल होते. कुंकू याच गुणधर्मावर बनते. त्या रंगाने चित्र रंगवताना रसायनशास्त्राचा एक धडाही होऊन जातो. आणखी एक सोपा उपक्रम आहे : आठवडाभर आपल्या ताटाचे चित्र काढायचे. सातही चित्रांत पांढरा आणि पिवळा एवढेच रंग भरावे लागले, तर आहारात काय कमी आहे ते मुलालाच कळते. त्यासाठी कोणाच्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

अपेक्षा किती ठेवाव्यात?

अमेरिकेतील टेक्सासमध्ये १६ प्राथमिक शाळांत बाग आणि स्वयंपाक यांचे वर्षभराचे धडे देऊन त्यांचा परिणाम मोजण्यात आला. मुलांचे भाज्या खाण्याचे प्रमाण वाढले, पण वजन किंवा रक्तदाबात फरक दिसला नाही. म्हणजे अशा प्रकल्पातून सवय बदलते, आजार लगेच हटत नाही. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन घटले आहे, तिला गोळ्या लागतातच. डब्यातली एक जुडी मेथी त्या कमतरतेची भरपाई करू शकत नाही. पण उपचार संपल्यावर पुढची चाळीस वर्षे ती काय खाणार हे मात्र या सवयीवर ठरते.

थोडी काळजी

- मातीत अनवाणी उतरू नये. आकडेकृमीच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्तक्षय वाढवतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत.
- शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दिली आहे ना, हे पाहावे.
- पिकणाऱ्या भाजीवर कीटकनाशक फवारू नये. सांडपाणीही घालू नये.
- सुरी आणि गॅस मोठ्यांच्या देखरेखीखालीच हाताळावेत. भाजले तर त्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

शिक्षकांना यासाठी वेगळा निधी लागत नाही. गुण देण्याची पद्धत तेवढी बदलावी लागेल. सुबक वहीला पैकीच्या पैकी देण्याऐवजी किती दाणे पेरले, किती उगवले, जे उगवले नाहीत ते का, आणि भाजी करून कोणी कोणी खाल्ली एवढे चार प्रश्न विचारावेत. पालकांनीही प्रकल्प आपल्या हातात घेऊ नये. वाकडीतिकडी चित्रे, अर्धी करपलेली भाजी आणि ओट्यावर सांडलेली माती चालवून घ्यावी. मेथीचा हंगाम सुरू आहे आणि डब्यातले दाणे घरातच आहेत. या आठवड्यात ते भिजवले, तर सत्र संपण्याच्या आत घरातली पहिली जुडी ताटात येईल.