ठेक्याचं घर बदलताना

माझा भाचा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्यानं जुना कीबोर्ड विकून दुसऱ्या कंपनीचा घेतला. जुन्यावर रात्री जागून बांधलेल्या स्टाइल्स त्यानं संगणकावर बदलून घेतल्या आणि नव्यात भरल्या. पहिल्याच हळदीच्या कार्यक्रमात ढोलकीच्या जागी टाळ्या वाजू लागल्या आणि बास भलत्याच सुरात बोलू लागला. घरी येऊन तो म्हणाला, ''मामू, स्टाइल आली, पण ठेका तिकडेच राहिला.''

मी कविता लिहितो, वाद्य वाजवत नाही. पण हे दुखणं मला ओळखीचं वाटलं. भाषांतरात शब्द येतात आणि लय मागे राहते, तसंच हे.

अरेंजर कीबोर्डवर डाव्या हातानं कॉर्ड धरली, की ड्रम, बास, गिटार आपोआप साथीला येतात. साथीच्या या साच्याला स्टाइल म्हणतात. पुष्कळांना ते आवाजाचं रेकॉर्डिंग वाटतं. प्रत्यक्षात ती सूचनांची वही असते : कोणत्या मात्रेला, कोणता सूर, किती जोरानं, किती वेळ. या सूचना 'मिडी'च्या भाषेत असतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं, म्हणून १९८३ साली ही भाषा आली. भाषा एक आहे, तर मग अडतं कुठं?

यामाहा आणि कॉर्ग यांचं उदाहरण घेऊ. दोघांच्याही स्टाइल फाइलच्या नावाशेवटी 'एसटीवाय' हीच अक्षरं असतात. आडनाव एक, घराणी वेगळी. यामाहाच्या फाइलीत मिडीच्या सुरांसोबत 'सीएएसएम' नावाचा नियमांचा भाग असतो. साथ बहुधा सी मेजर सेव्हन कॉर्डमध्ये लिहिलेली असते. सी हा षड्ज धरला तर सा, ग, प, नी. वादकानं सी मायनर धरली, की गंधार कोमल करायचा, बासनं मूळ सूर सांभाळायचा, ड्रम मात्र जागचे हलवायचे नाहीत, हे तो भाग सांगतो. कॉर्गचे नियम स्वतंत्र आहेत. शिवाय तिथं एकेका व्हेरिएशनसाठी सहापर्यंत वेगवेगळे कॉर्डचे साचे लिहिता येतात, मेजरचा एक, मायनरचा दुसरा असे. बदलताना सूर पोचले आणि नियम गळाले, तर मायनर कॉर्डवरही शुद्ध गंधारच वाजत राहतो.

ढोलकीची गोष्ट निराळी. तालवाद्यांत मिडीचा क्रमांक म्हणजे सूर नव्हे, आघात. १९९१ च्या 'जनरल मिडी' तक्त्यात ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ३९ म्हणजे टाळी. या तक्त्यात सतार आहे, सनई आहे. पण तबला नाही, ढोलकीही नाही. त्यामुळं आपले बोल ज्यानं त्यानं आपल्या सोयीच्या क्रमांकावर बसवले. एका वाद्यावर जिथं ढोलकीचा 'ना' आहे, तिथं दुसऱ्यावर टाळी निघाली, तर दोष कुणाचाच नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण साधा आहे. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम पहिला खर्डा समजावं. आधी फक्त ताल सुरू करून एकेक बोल योग्य क्रमांकावर आणावा. मग बास एकटा ऐकावा. शेवटी गिटार आणि स्ट्रिंग्ज. प्रत्येक टप्प्याला मेजर, मायनर आणि सेव्हन्थ अशा तिन्ही कॉर्ड संथ लयीत वाजवून पाहाव्यात. आघातांचा जोरही तपासावा. एका वाद्यावर नाजूक वाटणारी गिटार दुसऱ्यावर खणखणते.

भाच्याला एका केरव्यासाठी तीन संध्याकाळी लागल्या. जुना कीबोर्ड विकला गेल्यामुळं कुठल्या क्रमांकावर कुठला बोल होता, हे आठवून आठवून लिहावं लागलं. काही ठेके परत जुळलेच नाहीत. म्हणून वादक मित्रांना एवढंच सांगणं : कीबोर्ड विकण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा, ठेका रेकॉर्ड करून ठेवा आणि बोलांचे क्रमांक वहीत उतरवा. कीबोर्ड पुन्हा विकत मिळेल. हातानं बांधलेला ठेका दुकानात मिळत नाही.