गेम इंजिन घेण्याआधी करार वाचा

ज्या घरातील मुलगा किंवा पुतण्या काँप्युटर शिकून खेळ तयार करण्याच्या धंद्यात उतरू म्हणतो, त्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. या धंद्यात पहिला प्रश्न येतो तो गेम इंजिनचा. पडद्यावर चित्र हलविणे, चेंडू भिंतीवर आदळला की परत फिरविणे, आवाज वाजविणे ही कामे दर खेळात तीच असतात. ती आधीच करून ठेवलेले सॉफ्टवेअर म्हणजे गेम इंजिन. माग तयार मिळतो, नक्षी आपली.

मात्र साध्या मांजरपाटासाठी कोणी जकार्ड बसवीत नाही. म्हणून आधी माल ठरवावा, मग यंत्र. सध्या बाजारात तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात.

पहिले युनिटी. मोबाईलच्या खेळांसाठी हे फार वापरले जाते. काम सी शार्प या भाषेत होते. शिकण्याचे साहित्य भरपूर आहे आणि जाणते कारागीरही मिळतात. मागील १२ महिन्यांची मिळकत व उभे केलेले भांडवल २ लाख डॉलरच्या आत असेल तर ते फुकट आहे. त्यापुढे माणशी वार्षिक फी पडते.

दुसरे अनरियल, एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीचे. हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे मोठे खेळ यावर निघतात, पण काँप्युटरही तसाच दमदार लागतो. दर खेळाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या उत्पन्नावर कंपनी काही घेत नाही. पुढच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे शेकडा ५ हिस्सा घेते.

तिसरे गोडो. अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रामरांनी ते सुरू केले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. फी नाही, हिस्सा नाही. परवान्याची नोंद सोबत ठेवली की झाले. साध्या काँप्युटरवरही ते चालते. मात्र प्लेस्टेशन किंवा स्विचवर खेळ न्यायचा असेल तर बहुधा दुसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले, की ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळांवर १ जानेवारी २०२४ पासून दर नव्या इन्स्टॉलेशनमागे २० सेंटपर्यंत आकार घेऊ. आधीच बाजारात गेलेले खेळही यात येणार होते. विकलेल्या ठाणावर मागवाल्याने मागाहून पट्टी बसवावी, तसा हा प्रकार! जगभर ओरड झाली. दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने तो आकार रद्द केला. पण विश्वास डळमळला तो डळमळलाच. मेगा क्रिट या अमेरिकन मंडळींचे नव्या खेळाचे दोन वर्षांहून अधिक काम युनिटीत झाले होते, तरी त्यांनी तो गोडोवर नेला. असे स्थलांतर लहान दुकानाला परवडणारे नसते.

तेव्हा मुलाला तीन प्रश्न विचारावेत. खेळ कोणत्या यंत्रावर चालणार, मोबाईल, काँप्युटर की कन्सोल? हातातील माणसांना कोणती भाषा येते? आणि खेळ चालला, तर विक्री दुप्पट झाल्यावर इंजिनवाल्याचे देणे किती होईल? फुकट या शब्दावर भुलू नये, फुकटची हद्द कुठे संपते ते पाहावे. करारात अटी बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे, तेही वाचावे आणि त्या दिवसाच्या अटींची प्रत फाईलला लावून ठेवावी.

शेवटी नमुना पाहिल्याशिवाय गाठीची ऑर्डर देऊ नये. दोन इंजिनांवर पंधरा-पंधरा दिवसांत एकच छोटा खेळ करून पाहावा. जे हाताला बसते आणि खिशाला सोसते, त्यावरच भांडवल लावावे.