वजन उतरलें; पण चरबी?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं चार महिन्यांत सात किलो वजन उतरविलें. रात्रीचें जेवण सोडलें, सोमवार, गुरुवार व एकादशी धरली, आणि रोज प्रातःकाळीं काट्यावर उभे राहून आंकडा रोजनिशींत टिपला. आंकडा उतरे तसतसा त्यांचा आनंद वाढे. परंतु सैल झाल्या त्या सदऱ्याच्या बाह्या. पोट होतें तेथेंच राहिलें, आणि पाण्यानें भरलेली बादली उचलतांना हात कांपूं लागला. तेव्हां किंचित् धास्तावून त्यांनीं आम्हांस विचारलें, "मग उतरलें तें काय?"

काट्यास याचें उत्तर देतां येत नाहीं. पाणी, अस्थि, स्नायु आणि चरबी हीं सारीं त्यास सारखींच. आहार कमी होतांच शरीर प्रथम यकृतांत व स्नायूंत साठविलेली शर्करा खर्चितें, आणि त्या शर्करेबरोबर तिच्या सुमारें तिप्पट पाणीहि निघून जातें. पहिल्या आठवड्यांत उतरलेला एखादा किलो बहुतेक पाण्याचाच असतो. श्रीखंड-पुरीच्या एका जेवणानें तो परत येऊं लागतो. पुढें चरबी जळते हें खरें. परंतु आहारांत प्रथिनें अल्प आणि अंगास कष्ट नाहींत, अशी स्थिति असल्यास तिजबरोबर स्नायूहि झिजतात.

वजन व मेद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें अमेरिकेच्या आरमारांतील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनीं १९४२ सालीं पाण्याच्या साहाय्यानें दाखविलें. लोणी ताकावर तरंगतें हें आपल्या घरांतील लहान मूलहि जाणतें. त्याच न्यायानें चरबीची घनता पाण्याहून कमी, व बाकीच्या देहाची अधिक. बेन्के यांनीं नामांकित फुटबॉलपटूंस पाण्यांत बुडवून तोललें. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणें लठ्ठ, म्हणून सैन्यास अयोग्य, ठरणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या अंगीं चरबी थोडी आणि स्नायूच पुष्कळ, असें आढळलें.

आपल्याकडील गोष्ट नेमकी उलट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. वजनास उंचीच्या वर्गानें भागून येणारा अंक दोघांचाहि २२.३. परंतु यडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२! पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, व इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो, तरी आपल्या बाळांत उणे होते ते मुख्यतः स्नायु, त्वचेखालील चरबी नव्हे. अशा कृश-मेदुर देहानें स्नायु गमवावे, हें मधुमेहाच्या दृष्टीनेंहि परवडणारें नाहीं.

हल्लीं चरबीचा टक्का सांगणारे काटे घरोघरीं आले आहेत. ते तळपायांतून अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. पाणीदार स्नायूंतून तो सहज जातो, चरबींतून जातां जात नाहीं; या विरोधावरून, वय, उंची व लिंग जमेस धरून, यंत्र अंदाज बांधतें. अंदाजच तो! प्रवाह एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरतो. म्हणजे ज्या पोटाची चिंता, त्याच्याशीं त्याची भेट फारशी होत नाहीं. पाणी कमी प्यालें तर तोच मनुष्य अधिक मेदयुक्त ठरतो. म्हणून रोजच्या चढउतारानें हर्ष वा खेद मानूं नये. ठराविक वेळीं, अनशेपोटीं, आठवड्यांतून एकदां नोंद घ्यावी आणि दोन-तीन महिन्यांचा कल तेवढा पाहावा. रुग्णालयांतील क्ष-किरणांची तपासणी अधिक विश्वसनीय खरी, पण ती वारंवार करण्याजोगी नव्हे.

आमचा विश्वास शिंप्याच्या फितीवर अधिक आहे. शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आंत न ओढतां (हें पुरुषांस विशेष कठीण जातें!) माप घ्यावें. भारतीय पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

आमच्या स्नेह्यांच्या उपवासांकडे पाहिलें, तेव्हां साबुदाण्याची खिचडी दिसली. साबुदाणा म्हणजे बव्हंशीं निव्वळ पिष्ट. दाण्याच्या कुटाची काय ती भर. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांनीं एकादशी तेवढी ठेवली, इतर दिवशीं घट्ट वरण, उसळ व दही वाढविलें, आणि आठवड्यांतून तीन वेळां उठाबशा व वजनें उचलणें आरंभिलें. पुढील तीन महिन्यांत काटा एकच किलो खालीं आला, परंतु कंबर पांच सेंटिमीटरांनीं उतरली. रोजनिशींत आतां वजनाशेजारीं कमरेचाहि रकाना आहे. वजनाचा रकाना मात्र त्यांच्यानें अद्यापि सोडवत नाहीं.